फुटकं पॅनेल चालत होतं, धडधाकट पॅनेल अडलं होतं

वादळात झाडाची फांदी मोडून गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर आली आणि एका पॅनेलची काच फुटली. फुटली म्हणजे नुसता तडा गेला असं नाही. फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक जाळी पसरली. टफन केलेली काच अशीच जाते. एका जागी मार बसला की काचेत कोंडलेला ताण सगळीकडून एकदम मोकळा होतो. तरी एक तुकडाही खाली पडला नव्हता, आणि पॅनेलांची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणाऱ्या इन्व्हर्टरवरचा आकडा जवळजवळ नेहमीइतकाच होता. घरात लगेच दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, चालतंय ना, मग राहू दे. दुसऱ्याचं म्हणणं, आजच्या आज उतरवा. मला दोन्ही पटेना, कारण कोणीच काही मोजलेलं नव्हतं.

आमची यंत्रणा जुनी आहे. २५० वॅटची दहा पॅनेलं, प्रत्येकात ६० सेल, सगळी एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे माळेत, सिरीजने एकापुढे एक जोडलेली. बसवून अकरा वर्षं झाली. पॅनेलच्या मालावरची वॉरंटी दहा वर्षांची होती, ती संपलेली. पंचवीस वर्षांची जी वॉरंटी सगळे छातीठोकपणे सांगतात ती उत्पादन किती घटेल याची असते. फांदी, दगड, माणसाचा पाय अशा बाहेरच्या माराने फुटलेली काच तिच्यात बसत नाही. कागद काढून नीट वाचला, तिथे हे स्पष्ट लिहिलेलं होतं. ज्यांच्या घराच्या विम्यात गच्चीवरची यंत्रणा धरलेली आहे त्यांनी मात्र पॅनेलला हात लावायच्या आधी फोटो काढून कळवावं. एकदा पॅनेल उतरवलं की ते कशाने फुटलं हे सिद्ध करत बसावं लागतं.

ओळखीचे एक वायरमन दादा सोलरचीच कामं करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी इन्व्हर्टर बंद केला, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलांकडून येणारी तार तोडणारा स्विच, मग क्लॅम्प मीटर लावून तारेतून करंट खरोखर शून्य आहे हे बघितलं आणि त्यानंतरच कनेक्टर सोडवले. हा क्रम त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावला. करंट वाहत असताना एमसी-फोर कनेक्टर, म्हणजे पॅनेलांच्या तारा जोडणारा जोड, ओढला तर डीसीची ठिणगी पडते, आणि एसीसारखी ती आपोआप विझत नाही, लांबत जाते. शिवाय पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. उजेड आहे तोवर ते सुटं ठेवलं तरी त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज असतंच.

"ताई, फुटलेल्यापासून सुरुवात नको. आधी चांगली मोजू, म्हणजे वाईट किती वाईट ते कळेल," दादा म्हणाले.

लेबलवर उघड्या टोकांचं, म्हणजे काहीच न जोडलेल्या पॅनेलचं, व्होल्टेज ३७.६ लिहिलेलं आहे, पण ते सेलचं तापमान २५ अंश असतानाचं. तापलेल्या गच्चीवर सेल ५५ अंशांच्या पुढे सहज जातात आणि दर अंशाला व्होल्टेज साधारण ०.३ टक्क्याने घसरतं. त्यामुळे धड पॅनेलं ३४ व्होल्टच्या आसपास दाखवत होती आणि ते बरोबरच होतं. शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा, साडेसात अँपिअर. तेव्हाच्या उन्हाला तोही ठीक.

फुटक्या पॅनेलचं व्होल्टेज ३३.८ आलं आणि करंट ७.१. म्हणजे जाळी झालेल्या काचेतून थोडा उजेड इकडेतिकडे फेकला जात होता, एवढंच. विजेच्या हिशेबाने पॅनेल जिवंत, जवळपास ठणठणीत. "राहू दे" म्हणणाऱ्यांची बाजू एकदम भक्कम झाली.

पुढे ओळीतलं सातवं पॅनेल मोजलं. काच स्वच्छ, फ्रेम सरळ, मागची शीट पांढरी, कुठे फुगवटा नाही की डाग नाही. मीटरवर २२.६ व्होल्ट. दादांनी मीटरच्या पिना पुसून पुन्हा लावल्या. आकडा तोच. पॅनेलचा बरोबर एक तृतीयांश भाग गायब होता आणि तो कधीपासून गायब होता कोणास ठाऊक. दहा पॅनेलांच्या स्ट्रिंगमध्ये चालू असताना असा भाग गेला तर एकूण व्होल्टेज नऊ-दहा व्होल्टने उतरतं. रोजचं ऊन, ढग, धूळ यांच्या चढउतारात ते सहज खपून जातं. फांदी पडली नसती तर आम्ही सगळी पॅनेलं मोजलीच नसती.

आता प्रश्न एका पॅनेलचा राहिला नव्हता. फुटलेलं पूर्ण वीज देत होतं, न फुटलेलं दोन तृतीयांश. दुरुस्त कोणतं करायचं आणि बदलायचं कोणतं, हे डोळ्यांवर सोडलं असतं तर उत्तर नक्की उलटं आलं असतं.

काचेपासून सुरुवात केली. फुटकी काच बदलता येते का, हा प्रश्न मला साधा वाटत होता. खिडकीची बदलतो तशी. पण सोलर पॅनेलची काच फ्रेममध्ये नुसती बसवलेली नसते. वर ३.२ मिलिमीटरची काच, खाली ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा थर, त्याखाली सेल, परत ईव्हीए आणि शेवटी मागची शीट. हा सगळा थर निर्वातात १४०-१५० अंशांना दाबून एकजीव करतात. त्यानंतर काच सोडवायची म्हणजे तिला चिकटलेले सेलही घेऊन यायचं, आणि ते सेल असतात मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतके पातळ. घरात सोडाच, चांगल्या कार्यशाळेतही हे काम परवडणारं नाही.

मग राहतो तो वरून पारदर्शक रेझिन ओतण्याचा किंवा फिल्म चिकटवण्याचा उपाय. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. रेझिन ओतल्यावर चकचकीत झालेलं पॅनेल सगळे दाखवतात, तेच पॅनेल पुढच्या उन्हाळ्यानंतर कसं दिसतं ते सहसा कोणी दाखवत नाही. साधं इपॉक्सी उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि सेलपर्यंत पोचणारा उजेड कमी होत जातो. अतिनील किरणांना टिकणारी रेझिनं मिळतात, पण दोन गोष्टी कोणतंच रेझिन परत आणत नाही. एक म्हणजे ताकद. पॅनेलच्या प्रमाणीकरणात पृष्ठभागावर २,४०० पास्कलचा दाब देऊन बघतात, बर्फाळ भागांसाठी ५,४००. आणि हा भार मुख्यतः काच आणि फ्रेम झेलतात. जाळी झालेली काच वाऱ्यात वाकते आणि प्रत्येक वाकण्याबरोबर सेलमध्ये नव्या चिरा पडू शकतात. दुसरी गोष्ट पाण्याची. तडे काचेच्या कडेपर्यंत, फ्रेमच्या खाचेत गेलेले असतात आणि रेझिन तिथपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. पाणी आत गेलं की ईव्हीए हळूहळू ॲसेटिक आम्ल सोडू लागतं, आणि ते सेलवरच्या चांदीच्या बारीक रेघा आणि जोडपट्ट्या खात राहतं.

तरीही मी इथवर दोलायमान होते. हळूहळू खराब होईल ना, होऊ दे, तोवर चालेल, असं वाटत होतं. ते मत एका रिमझिम सकाळने बदललं. इन्व्हर्टर सुरूच होईना. पडद्यावर इन्सुलेशनचा दोष दाखवत होता. दुपारी ऊन आलं, गच्ची वाळली आणि तो मुकाट्याने चालू झाला. ट्रान्सफॉर्मर नसलेले इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी डीसीच्या तारा आणि अर्थिंग यांच्यामधला रोध तपासतात. तो कमी भरला तर सुरू व्हायला नकार देतात. म्हणजे फुटक्या पॅनेलमधून वीज ओल्या काचेवाटे फ्रेमकडे गळत होती. आणि ती वीज एका पॅनेलच्या ३४ व्होल्टची नव्हे. पॅनेल स्ट्रिंगमध्ये जिथे असेल तिथलं जमिनीच्या तुलनेतलं व्होल्टेज त्याच्या सेलवर असतं, आणि आमची स्ट्रिंग उघड्या टोकांना ३४० व्होल्टच्या घरात जाते.

दादा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर, घेऊन आले. पॅनेल जाड कापडाने झाकलं, त्याची दोन्ही टोकं एकत्र जोडली आणि टोकं व फ्रेम यांच्यामध्ये ५०० व्होल्टची चाचणी घेतली. आयईसी ६१२१५ या मानकात मेगाओहममधला रोध आणि चौरस मीटरमधलं पॅनेलचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार किमान ४० हवा असा निकष आहे; आमच्या १.६ चौरस मीटरच्या पॅनेलला तो साधारण २५ मेगाओहम पडतो. पॅनेल मोठं तेवढा निकष लहान, कारण गळायला जागा जास्त. शेजारचं धड पॅनेल मीटरच्या पट्टीबाहेर गेलं. फुटकं पॅनेल कोरडं असताना ६० मेगाओहम आलं, म्हणजे पास. काचेवर पाण्याचा हात फिरवला आणि आकडा ०.६ वर उतरला.

ऊन असतानाच थर्मल कॅमेऱ्यानेही बघून घेतलं. फांदी जिथे लागली होती तिथला एक सेल शेजाऱ्यांपेक्षा वीस-बावीस अंशांनी जास्त तापत होता. म्हणजे आत सेलही चिरला होता आणि त्याचा तुटका भाग वीज देण्याऐवजी खात होता. या दोन आकड्यांनंतर घरातली चर्चा संपली. पॅनेल वीज किती देतं याच्याशी निर्णयाचा काही संबंधच उरला नाही. ते उतरवायचं होतं.

त्याच कॅमेऱ्याने सातव्या पॅनेलची गोष्टही सांगितली. त्याचा उभा एक तृतीयांश पट्टा बाकीच्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम होता, पण सगळीकडे सारखा; एखादाच सेल तापलेला नव्हता. पट्ट्यावर पडणाऱ्या उन्हाची वीज बाहेर जात नव्हती, म्हणून तेवढी उष्णता तिथेच राहत होती. ६० सेलच्या पॅनेलमध्ये वीस-वीस सेलच्या तीन रांगा असतात आणि प्रत्येक रांगेला मागच्या जंक्शन बॉक्समध्ये एक बायपास डायोड असतो. रांगेवर सावली पडली तर करंटने तिला वळसा घालून जावं, एवढंच त्याचं काम. तो डायोड शॉर्ट झाला की वळसा कायमचा होतो. पण रांगेतली जोडपट्टी आतून तुटली असेल तरी बाहेरून हेच चित्र दिसतं, आणि ती तुटली असेल तर ती काचेखाली कायमची कैद. तिथे काही करता येत नाही. म्हणून बॉक्स उघडणं भाग होतं.

नव्या पॅनेलांचे बॉक्स बहुधा आतून सिलिकॉनने भरून बुजवलेले असतात, ते उघडणं म्हणजे फोडणंच. आमचे जुने, झाकण असलेले निघाले. पॅनेल झाकून दादांनी डायोडवर मीटर लावला. दोन डायोड एका दिशेने ०.२-०.३ व्होल्ट दाखवून उलट दिशेने गप्प बसले, तिसरा दोन्ही दिशांनी शून्य. पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. तो डायोड सोल्डर वितळवून काढला, कापड बाजूला केलं आणि त्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांवर मीटर लावला. ११.३ व्होल्ट! वीस सेलची पूर्ण रांग शाबूत होती. या सगळ्या प्रकरणात मला खरा आनंद झाला तो या एका आकड्याचा.

डायोड निवडतानाही थोडं थांबावं लागलं. दुकानात "कुठलाही चालतो" म्हणून साधा सिलिकॉन डायोड हातात ठेवला होता. रांग वळवताना डायोडमधून आठ अँपिअर जातात. साध्या डायोडवर जवळजवळ एक व्होल्ट पडतो, म्हणजे बंद प्लास्टिकच्या डबीत आठ वॅटची उष्णता. शॉटकी डायोडवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. मूळचाही शॉटकीच होता, १५ अँपिअर, ४५ व्होल्टचा; तसाच आणला. झाकण बंद करताना सीलसाठी आंबट वासाचं साधं सिलिकॉन वापरायचं नाही, हे दादांनी बजावलं. ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि तांब्याला गंज चढवतं. न्यूट्रल प्रकारचं मिळतं, तेच आणलं. पॅनेल परत लावून मोजलं तर ३३.९ व्होल्ट. मेगरची चाचणीही पुन्हा घेतली, कारण बॉक्स उघडला म्हणजे पाण्याची एक वाट आपणच उघडून बंद केलेली असते.

वॉरंटी चालू असती तर हे मी केलं नसतं, करूही दिलं नसतं. बॉक्सला हात लागला की कंपनी हात वर करते, आणि डायोड जाणं हा त्यांनी भरून द्यायचा दोष आहे.

राहिली फुटक्या पॅनेलची जागा. इथे मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त डोकं लागलं. बाजारात २५० वॅटचं पॅनेल विचारलं की लोक हसतात. हल्लीची ५४० वॅटची पॅनेलं २,२७८ बाय १,१३४ मिलिमीटरची, आमची १,६४० बाय ९९२ ची. स्टँडच्या त्या खाचेत ते मावतच नाही. मावलं असतं तरी काही उपयोग नव्हता. सिरीजमध्ये करंट सगळ्यांचा एकच असतो. तेरा अँपिअर देऊ शकणारं पॅनेल आठ अँपिअरच्या रांगेत बसवलं तर ते आठच देणार.

एका विक्रेत्याने शांतपणे सुचवलं की सगळीच काढा, नवी बसवा, कटकट मिटेल. मला राग नाही आला. हिशेब करून बघावा असंच ते म्हणणं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी जगभरची मोजमापं गोळा करून पाहिली, तेव्हा क्रिस्टलाइन सिलिकॉन पॅनेलांची घट वर्षाला सुमारे अर्धा टक्का भरली होती. त्या मापाने आमची पॅनेलं पाच-सहा टक्के उतरलेली असणार. चौऱ्याण्णव टक्के काम करणाऱ्या नऊ वस्तू एका फुटक्या वस्तूपायी भंगारात टाकायच्या हे मला मान्य नव्हतं. गच्ची लहान असती, विजेची गरज दुप्पट झाली असती आणि इन्व्हर्टरही मान टाकायच्या बेतात असता तर मात्र मी त्याचं ऐकलं असतं. त्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जुन्या यंत्रणेला डकवत बसण्यात अर्थ नाही.

दरम्यान एक तिसरा रस्ता दादांनी दाखवला, जो कोणी सांगत नाही कारण त्यात काही विकलं जात नाही. फुटकं पॅनेल काढायचं, शेजारच्या दोघांच्या तारा एकमेकींना जोडायच्या आणि नऊवर चालवायचं. एवढंच बघायचं की भर उन्हाळ्यात स्ट्रिंगचं व्होल्टेज इन्व्हर्टरच्या खालच्या मर्यादेखाली जात नाही ना. आमची मर्यादा १५० व्होल्ट. नऊ पॅनेलं तापूनही २३० च्या वर राहतात. तोटा एक दशांश. कित्येकांसाठी हेच खरं उत्तर असेल असं मला वाटतं. एकाहून जास्त स्ट्रिंगा समांतर जोडलेल्या असतील तर मात्र हे चालत नाही, कारण तिथे प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज जुळावं लागतं. आम्ही बराच काळ नऊवरच काढला, घाई न करता.

मग एका ठेकेदाराकडे पडून राहिलेलं, न वापरलेलं ६० सेलचं २७५ वॅटचं पॅनेल सापडलं. लेबल वाचलं: पूर्ण वीज देतानाचा चालू करंट ८.८, आमचा ८.२, चालू व्होल्टेज ३१.३, आमचं ३०.४. सिरीजमध्ये नव्या पॅनेलचा करंट थोडा जास्त असलेला चालतो, कमी असलेला चालत नाही, नाहीतर एकटं तेच सगळ्या रांगेला मागे ओढतं. थंडीत व्होल्टेज चढतं म्हणून इन्व्हर्टरची वरची मर्यादाही तपासली. लांबीरुंदी तीच निघाली. फ्रेमची जाडी मात्र ३५ मिलिमीटर, जुन्यांची ४०. तेवढ्या पाच मिलिमीटरांनी क्लॅम्प पकड घेईनात. खाली पाचर सरकवून भागवू असं मी म्हणाले, पण दादांनी ठाम नकार दिला आणि दोन उंचींना धरणारे क्लॅम्प मागवले. कनेक्टरही वेगळ्या बनावटीचे होते. दिसायला एकमेकांत बसतात, पण दोन बनावटींची जोडी आतून नीट टेकत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत तापायला लागते. नव्या पॅनेलचे कनेक्टर कापले तर त्याची वॉरंटी जाते, म्हणून शेजारच्या जुन्या पॅनेलांच्या तारांवर नव्या बनावटीचे जोड क्रिम्प केले. फ्रेमला अर्थिंगची तार लावली. स्ट्रिंगचं व्होल्टेज उघड्या टोकांना ३४० च्या जरा वर आलं आणि पावसाळी सकाळीही इन्व्हर्टर वेळेवर उठू लागला.

उतरवलेलं पॅनेल गच्चीच्या कोपऱ्यात काच खाली करून, वर ताडपत्री टाकून ठेवलं होतं, म्हणजे त्यात वीज तयार होणार नाही आणि काचेचे कण उडणार नाहीत. एकाने ते छोट्या पंपाला लावायला मागितलं. एकट्या पॅनेलचं व्होल्टेज कमी असतं हे खरं, पण तापणारा सेल आणि ओलसर काच बरोबर जाणारच होती, म्हणून दिलं नाही. वजनाने यात तीन चतुर्थांशाच्या आसपास काच, मग ॲल्युमिनियम आणि थोडी चांदी असते. सोल्डरमध्ये शिसं असतं. भंगारवाल्याला फक्त फ्रेम हवी असते आणि उरलेलं तो कुठेतरी टाकून देतो. ते इलेक्ट्रॉनिक कचरा रीतसर घेणाऱ्यांकडे पाठवलं आणि पावती ठेवली.

आता उरलेल्या नऊ जुन्या पॅनेलांमधले सव्वीस डायोड त्याच वयाचे आहेत. त्यातले आणखी जातील हे धरून तसलेच चार जास्तीचे आणून ठेवलेत, पण चालू बॉक्स उघडून आधीच बदलायचे नाहीत असं दादांचं आणि माझं ठरलं आहे. वर्षातून एकदा, ऊन चांगलं असताना, प्रत्येक पॅनेल सुटं मोजायचं आणि आकडे वहीत लिहायचे. ३४ च्या जागी २२ किंवा ११ दिसलं की तेवढाच बॉक्स उघडायचा.